लाळग्रंथीच्या कर्करोगाला पाच वर्षांचा हिशेब पुरत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत तोंडाच्या कर्करोगावर पानभर लेख आला. तंबाखू, मावा, गुटखा यांच्याविषयी त्यात जे लिहिले आहे, त्यातला एक शब्दही कमी करायला नको. दोन वाक्ये मात्र खटकली. तंबाखूला हात न लावणाऱ्याने या आजाराची काळजी करण्याचे कारण नाही, हे एक. आणि उपचारांनंतर पाच वर्षे आजार उलटला नाही तर रुग्ण बरा झाला असे धरून चालावे, हे दुसरे. गालाच्या किंवा जिभेच्या नेहमीच्या कर्करोगाला ही वाक्ये बऱ्याच अंशी चालून जातात. लाळग्रंथीतून निघणारा एक कर्करोग मात्र असा आहे की त्याला यातले एकही लागू पडत नाही. तो दहा-बारा वर्षांनीसुद्धा परत येतो, आणि तोवर रुग्णाने फाइल माळ्यावर टाकलेली असते.

त्याचे नाव ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. नाव लांबलचक, म्हणून ओपीडीत सगळे 'एसीसी'च म्हणतात. आम्हीही पुढे तेच म्हणू. डोके व मान या भागातल्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. लाळग्रंथींच्या घातक गाठींचे वीसहून अधिक प्रकार आहेत. त्यांत म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा सर्वांत जास्त आढळतो आणि त्याच्या पाठोपाठ बहुतेक ठिकाणी हा. रुग्ण साधारण चाळिशी ते साठीतले, बायका पुरुषांपेक्षा किंचित जास्त. तंबाखू किंवा दारूशी त्याचा ठाम संबंध सापडलेला नाही. किरणोत्सर्गाचा लाळग्रंथींशी संबंध आहे, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये या ग्रंथींच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. पण त्यातही घातक गाठी प्रामुख्याने म्युकोएपिडरमॉइडच्या होत्या. एसीसीच्या बहुसंख्य गाठींत सहाव्या आणि नवव्या गुणसूत्राचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि 'एमवायबी' नावाचे जनुक बंदच होत नाही, हे २००९ साली स्पष्ट झाले. हा बिघाड त्या गाठीपुरता असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. त्यामुळे 'मुलांना होईल का?' या नातेवाइकांच्या पहिल्या प्रश्नाला 'नाही' असे सरळ उत्तर देता येते.

लाळग्रंथी म्हटले की डोळ्यांपुढे गालगुंड येते, म्हणजे कानापुढची पॅरोटिड ग्रंथी. मोठ्या ग्रंथींच्या जोड्या तीन: कानापुढे पॅरोटिड, जबड्याच्या हाडाखाली सबमँडिब्युलर आणि जिभेखाली सबलिंग्वल. त्यांखेरीज ओठांच्या आत, गालात, टाळूवर, जिभेच्या मुळाशी, नाकात आणि सायनसमध्ये मिळून ६०० ते १००० बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. इथे एक उफराटा नियम आहे. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ घातक निघण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या पाचांपैकी चार गाठी साध्या असतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण जवळजवळ निम्मे-निम्मे होते, आणि टाळूवरच्या बारीक ग्रंथींत निम्म्या किंवा त्याहून जास्त गाठी घातक निघतात. घरी मात्र उलटे घडते: कानाखालचा सुपारीएवढा गोळा पाहून सगळे हवालदिल होतात आणि टाळूवरच्या वाटाण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

टाळू म्हणजे इथे तोंडाचे छत, लहान बाळाची डोक्यावरची टाळू नव्हे. एसीसीची आवडती जागा म्हणजे वरच्या शेवटच्या दाढांच्या रेषेत, मधल्या रेषेच्या एका बाजूला, टाळूचा कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे. वरची त्वचा गुळगुळीत, कधी किंचित निळसर. बोटाने दाबले तर दबत नाही, पू येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. बरोबर मध्यावर, दगडासारखा कडक आणि वर्षानुवर्षे तेवढाच असलेला उंचवटा हा बहुधा हाडाचा असतो, त्याला घाबरू नये. बाजूला असलेली गाठ महिनाभरात गेली नाही तर मात्र ती दाखवायलाच हवी.

हे पत्र दंतवैद्यांनी वाचावे असे आम्हाला विशेष वाटते, कारण असा रुग्ण बहुतेकदा पहिल्यांदा त्यांच्याच खुर्चीत बसतो. तक्रार असते दाढेची, नाहीतर वरची कवळी अचानक बसेनाशी झाल्याची. रूट कॅनाल होते, मग दाढ निघते, मग शेजारची निघते. दुखणे जागच्या जागी राहते, आणि काढलेल्या दाढेचा खड्डा भरायचा सोडून त्यातून मांस वर येऊ लागते. कारण दुखत असते ती दाढेची नस, दाढ नव्हे. एसीसी नसेला बिलगतो आणि नसेच्या वेष्टणातून सरकत जातो. ही त्याची सगळ्यात ओळखीची खोड. म्हणून बधिरपणाबद्दल आपणहून विचारावे, रुग्ण तो सांगत नाही. दाढी करताना एका बाजूला ब्लेड लागलेले कळत नाही, चहा एका कोपऱ्यातून ओघळतो, घासाबरोबर ओठ चावला जातो, अशा शब्दांत तो सापडतो. दात किडलेला नाही, एक्स-रेत मुळाशी काही नाही, आणि ओठ किंवा गाल बधिर आहे, असे तिन्ही एकत्र दिसले की पुढची दाढ काढू नये. एमआरआय सांगावा.

जबड्याखालच्या गाठीचा गोंधळ वेगळाच. तिथे लाळेचा खडाही होतो आणि टीबीच्या गाठीही होतात. खड्याची सूज जेवणाशी बांधलेली असते. लोणचे किंवा चिंच जिभेला लागली की ग्रंथी टरारून फुगते, ठणकते आणि तासा-दोन तासांत उतरते. कर्करोगाच्या गाठीला जेवणखाणाशी काही देणेघेणे नसते; ती सकाळी जेवढी, तेवढीच रात्री. तपासताना एक बोट तोंडात जिभेच्या कडेला आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून जबड्याखाली ठेवावीत. ग्रंथीतली गाठ दोन्हींच्या चिमटीत येते, लसिकाग्रंथीची (लिंफ नोडची) गाठ बहुधा बाहेरच्या बोटांनाच लागते. दवाखान्यात अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी होत नाही, आणि सुईने नमुना न घेताच टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. गाठ आहे तिथेच राहते. वाढण्याचा तिचा वेगच इतका मंद असतो की औषधाने ती 'थांबली' असाही भास होतो.

पॅरोटिडची अडचण चेहऱ्याच्या नसेची. ही नस ग्रंथीच्या आरपार जाते आणि आतच पाच मुख्य फाट्यांत फुटते. तोंड वाकडे झाले की 'वारा गेला' म्हणून धावपळ होते, मग बेल्स पाल्सीचे, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या तात्पुरत्या लकव्याचे, निदान होऊन स्टिरॉइडच्या गोळ्या मिळतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच असते. पण बेल्स पाल्सी झपाट्याने येते, फार तर तीन दिवसांत पूर्ण होते, आणि तीन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत केव्हातरी सुधारणा दिसू लागते. गाठीमुळे येणारे वाकडेपण हप्त्याहप्त्याने येते. आधी पापणी किंवा गाल फडफडतो, मग डोळा पुरता मिटत नाही, मग ओठाचा कोपरा ओघळतो. तीन आठवड्यांनंतरही ते वाढतच असेल, चार महिन्यांत काडीचा फरक नसेल किंवा त्याच बाजूला पुन्हा झाले असेल, तर स्टिरॉइडचा दुसरा कोर्स नको. पॅरोटिड आणि कवटीचा तळ यांचा कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून खास इंजेक्शन देऊन काढलेला, एमआरआय हवा. बाहेरून गाठ हाताला लागत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये, ग्रंथीच्या खोलवरच्या भागातली गाठ बहुधा लागत नाही.

एक वेगळा प्रसंगही सांगून ठेवावा लागेल. कानाखाली दहा-पंधरा वर्षांपासून न दुखणारी गाठ असते, सगळ्या घराला ती ठाऊक असते, आणि एक दिवस ती दोन महिन्यांत दुप्पट होते. ती मुळात प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा नावाची साधी गाठ असते, पण वर्षे जातात तशी तिच्यात कर्करोग शिरण्याची शक्यता वाढत जाते. पाच वर्षांत दीडेक टक्का, पंधरा वर्षांनंतर दहाच्या घरात. हा एसीसी नव्हे, पण 'साधी आहे, राहू द्या' हा सल्ला किती काळ टिकतो याचा हिशेब यातून मिळतो.

आता सुई. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे शिकलेल्या घरांतही घट्ट बसलेली आहे. सुईने पेशी ओढून तपासण्याला, म्हणजे एफएनएसीला, जी २३ ते २५ गेजची सुई लागते ती रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षा बारीक असते, आणि तिच्यामुळे आजार पसरणे इतके विरळा आहे की त्यासाठी तपासणी टाळण्यात अर्थ नाही. भीती वाटायला हवी ती सुरीची. पॅरोटिड किंवा जबड्याखालच्या गाठीवर चिरा देऊन 'तुकडा काढून बघू' म्हटले की गाठीचे आवरण फाटते, पेशी आजूबाजूला सांडतात, चेहऱ्याच्या नसेला धोका होतो आणि पुढच्या शस्त्रक्रियेला तो सगळा व्रण काढावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे गाठ 'सोलून' काढणे. भूल दिलेल्या जागेतून पंधरा मिनिटांत गोळा बाहेर येतो, टाके पडतात, सगळे खूश. दोन वर्षांनी त्याच व्रणाखाली ज्वारीच्या दाण्यांसारख्या पाच-सहा गाठी हाताला लागतात. टाळूवरची गाठ याला अपवाद. तिचा पंच बायोप्सीने, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्याराने, तुकडा घ्यायला हरकत नाही, कारण तो पृष्ठभाग पुढच्या शस्त्रक्रियेत निघणारच असतो.

सुईच्या रिपोर्टची भाषा समजून घ्यावी लागते. २०१८ पासून त्यासाठी 'मिलान' पद्धतीचे सहा वर्ग वापरले जातात. त्यातला 'नॉन-डायग्नोस्टिक' म्हणजे काही निघाले नाही असा अर्थ नाही, नमुना अपुरा आला एवढाच आहे. तो सोनोग्राफीखाली पुन्हा घ्यावा. 'साधी गाठ' अशा वर्गातही चुकीला पाच टक्क्यांपर्यंत जागा असते. 'गाठ आहे, पण घातक की साधी हे सांगता येत नाही' या वर्गातल्या तीनांपैकी साधारण एक गाठ घातक निघते. एसीसीत ही चूक होण्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवरच दिसते. गीम्सा नावाच्या रंगात त्याच्या नमुन्यात गडद गुलाबी-जांभळे, काठ अगदी स्वच्छ असलेले गोल गोळे दिसतात आणि लहान, काळपट पेशी त्यांच्या भोवती कडे करून असतात. साध्या प्लिओमॉर्फिक ॲडिनोमातही गुलाबी द्रव्य असते, पण ते पिंजलेल्या कापसासारखे, कडा विस्कटलेल्या, आणि पेशी त्याच्या आत अडकलेल्या. हा फरक शंभर काचांत नव्वद वेळा कळतो. उरलेल्या दहांत नमुना पातळ असतो, गोळे मोजके असतात, आणि अनुभवी डोळाही फसतो. म्हणून सुईचा रिपोर्ट आणि गाठीचे वागणे जुळत नसेल, म्हणजे 'साधी' म्हटलेली गाठ दुखत असेल किंवा तिच्याजवळचा भाग बधिर असेल, तर रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास ठेवावा.

शस्त्रक्रियेनंतरच्या तुकड्यात तीन घडणी दिसतात: नळ्यांची, चाळणीची आणि भरीव. चाळणीची घडण पाहिली की अनारशाची जाळी आठवते, फक्त इथली भोके खरी मोकळी नसतात, घट्ट द्रव्याने भरलेली असतात. भरीव भाग ३० टक्क्यांच्या वर गेला की आजार वरच्या श्रेणीचा, लवकर उलटणारा. रिपोर्टमध्ये म्हणूनच निव्वळ 'एसीसी' एवढे लिहून भागत नाही. भरीव भाग किती, गाठ किती सेंटिमीटर, चारी कडा आणि तळ किती मिलिमीटरने मोकळे (म्हणजे कर्करोगाच्या पेशींविना), नसेत शिरकाव आहे का, आणि असल्यास नाव असलेल्या मोठ्या नसेत की सूक्ष्म धाग्यांत, हाड आणि लसिकाग्रंथी यांत काय, हे सगळे असायला हवे. नसल्यास रुग्णाने प्रयोगशाळेकडून पुरवणी रिपोर्ट मागून घ्यावा, तो मिळतो.

या माहितीची नासाडी कुठे होते तेही लिहितो. ऑपरेशन संपले की गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडे रीत आहे. दाखवताना ती मधोमध कापली जाते, 'बघा, आत असे होते' म्हणून. झाले, कुठली कड कुठली हे आता कोणालाच सांगता येत नाही. गाठ अखंड दाखवावी, तिच्या वरच्या आणि पुढच्या टोकाला लांब-आखूड टाका बांधून दिशा खुणवावी, आणि तिच्या निदान दहापट दहा टक्के फॉर्मालिन (नमुना टिकवणारे द्रावण) मावेल अशा रुंद तोंडाच्या बरणीत घालावी. सलाइनमध्ये घालून रात्रभर ठेवलेली, किंवा अरुंद बाटलीत कोंबून बसवलेली गाठ दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत येते तेव्हा आतून नासलेली असते.

एमआरआय सांगतानाही नुसते 'मान' लिहू नये. टाळूवरचा आजार नसेच्या वाटेने वर चढतो, वरच्या जबड्याच्या हाडामागच्या पोकळीतून फोरामेन रोटंडम नावाच्या भोकातून कवटीत शिरतो. जबड्याखालचा आणि जिभेखालचा आजार फोरामेन ओव्हेलमधून. मधला काही भाग सोडून पुढे गेलेला आजारही दिसतो. मानेचा नेहमीचा स्कॅन या भोकांच्या खालीच संपला तर अहवाल 'नॉर्मल' येतो. मागणीवर कवटीच्या तळापर्यंत, कॉन्ट्रास्टसह आणि चरबीची चमक दाबून, असे स्पष्ट हवे. सीटी हाडासाठी चांगला, पण त्यात भोक रुंदावलेले दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. छातीचा सीटी उपचारांच्या आधीच करून ठेवावा, एक्स-रेवर भागवू नये. पुढे काही दिसलेच तर तुलनेला पहिला फोटो लागतो.

उपचाराचा कणा शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या भाषेत 'लाइट' किंवा 'शेक'. टाळूच्या आजारात वरच्या जबड्याचा भाग काढावा लागतो. राहिलेली पोकळी ऑब्चुरेटर नावाच्या कवळीवजा पट्टीने झाकतात. तिचे माप शस्त्रक्रियेच्या आधी घेतले तर रुग्ण पहिल्या आठवड्यातच पाणी नाकातून न येता पिऊ शकतो. पॅरोटिडमध्ये चेहऱ्याची नस आधी चालत असेल आणि गाठीने तिला वेढलेले नसेल तर ती वाचवतात. तोंड आधीच वाकडे असेल तर बाधित भाग काढून दुसरीकडची नस जोडावी लागते. न मिटणाऱ्या डोळ्याला दिवसा थेंब, रात्री मलम आणि चिकटपट्टी, ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बुबुळाला झालेला व्रण पुन्हा पुरता नीट होईलच असे नाही.

एसीसीत कड 'मोकळी' आली तरी नसेच्या वाटेने पेशी पुढे गेलेल्या असू शकतात, म्हणून बहुतेकांना किरणोपचार लागतात. नेहमीची मात्रा ६० ते ६६ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), आठवड्याचे पाच दिवस, ३० ते ३३ बैठका. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरुवात. नसेत शिरकाव असेल तर नसेची वाट कवटीच्या तळापर्यंत त्या क्षेत्रात घेतात. जखम भरली, गाठ गेली, आता लाइट कशाला, असे म्हणून लोक पिकाची कामे, घरातले लग्न उरकून चार महिन्यांनी येतात. तोवर त्या उपचाराचा उपयोग कमी झालेला असू शकतो. सुरुवातीआधी खराब दाढा काढून घ्याव्यात आणि किरण सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे हाती राहतील असे पाहावे. नंतर आयुष्यात केव्हाही त्या बाजूची दाढ काढायची झाली तर किरणोपचार विभागाला विचारल्याशिवाय काढू नये, जबड्याचे हाड मरू शकते. लाळ आटलेल्या तोंडाला लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा गुळण्या, फ्लोराइडची पेस्ट, आणि तोंड स्वतःची तीन बोटे उभी मावतील इतके उघडत राहील असा रोजचा व्यायाम. कवटीच्या तळाशी आजार उरला असेल तर प्रोटॉन किरणांचा विचार होतो. टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात ती सोय २०२३ पासून आहे. सगळ्यांना तिची गरज नसते.

आता ज्या हिशेबासाठी हे पत्र लिहिले तो. गालाच्या नेहमीच्या कर्करोगाला उलटायचे असेल तर तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि त्यानंतर जगण्याचा आलेख सपाट होत जातो. पाच वर्षांचा टप्पा तिथून आला आहे. एसीसीचे साधारण आकडे असे: शंभर रुग्णांपैकी पाच वर्षांनी सत्तर ते पंचाहत्तर हयात असतात. ऐकायला फार छान. दहा वर्षांनी पन्नास ते साठ, आणि पंधरा वर्षांनी पस्तीस-चाळीस. आलेख सपाट होतच नाही, उतरतच राहतो. पाचव्या वर्षी पेढे वाटलेल्यांपैकी बरेच जण नंतरच्या दहा वर्षांत पुन्हा आजारी पडतात. नाक-सायनसमधला आजार, भरीव घडण, मोठ्या नसेतला शिरकाव, न सुटलेली कड आणि चार सेंटिमीटरच्या वरची गाठ यांत आकडे आणखी घसरतात. लहान, पूर्ण निघालेल्या, चाळणीच्या किंवा नळ्यांच्या घडणीच्या गाठीत बरेच सुधारतात. मानेत गाठी सहसा कमी येतात, दहांपैकी एखाद्याला. त्यामुळे दरवेळी मान चाचपून 'सगळे ठीक' म्हणणे फसवे ठरते. आजार रक्तावाटे जातो, आणि बहुतेकदा आधी फुप्फुसात, त्यानंतर हाडांत व यकृतात. मूळ जागा स्वच्छ असतानाही जातो.

फुप्फुसात डाग दिसले की घरात रडारड होते, आणि पुढच्या आठवड्यात कुठेतरी केमो सुरू होते. आमचे मत इथे स्पष्ट आहे: घाई नको. एसीसीचे फुप्फुसातले डाग अनेकदा इतके सावकाश वाढतात की रुग्ण कोणत्याही औषधाविना कामधंदा करत कित्येक वर्षे काढतो. दम लागत नाही, खोकल्यातून रक्त नाही, डाग मिलिमीटरमध्ये आहेत, तर तीन महिन्यांनी सीटी पुन्हा करून वेग पाहावा, मग तीन ते सहा महिन्यांनी. नेहमीच्या केमोने हा आजार फारसा आकसत नाही. त्रास देणारा, वेगाने वाढणारा आजार असेल तरच तिचा विचार व्हावा. लेन्व्हाटिनिबसारख्या गोळ्यांनी सहा-सातांपैकी एकाची गाठ लक्षणीय लहान होते, इतर काहींची काही काळ थांबते. बदल्यात रक्तदाब चढतो, वजन उतरते, थकवा येतो. मोजके डाग असतील तर ते शस्त्रक्रियेने किंवा नेमक्या किरणांनी काढता येतात. हाडातला आजार मात्र जास्त वेगाने पुढे जातो, त्याला वाट पाहण्याचा नियम लावू नये. डाग स्थिर असताना एकरभर जमीन गहाण टाकून महागडे इंजेक्शन सुरू करण्याआधी दुसऱ्या कर्करोग केंद्राचे मत घ्यावे. पेट स्कॅनवरही फार विसंबू नये. मंद आजार त्या तपासणीत टोचलेली साखर कमी खेचतो, म्हणून चमकत नाही, आणि बारीक डाग तर त्यात दिसतच नाहीत.

पाठपुरावा जन्मभराचा. पहिले वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी, दुसरे दर दोन ते सहा, पाचव्या वर्षापर्यंत दर चार ते आठ, आणि पुढे दरवर्षी एकदा. मूळ जागेचा एमआरआय उपचारांनंतर तीन-चार महिन्यांनी पायाभूत म्हणून, मग आजाराच्या श्रेणीप्रमाणे. छातीचा सीटी वर्षातून एकदा. त्याला कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही, कमी मात्रेचा साधा स्कॅन पुरतो, खर्चही कमी येतो. मधल्या काळात नवा बधिरपणा, डोळ्यांना एकाचे दोन दिसणे, कानामागे सतत ठणका यांपैकी काही आले तर वर्ष पुरे व्हायची वाट बघू नये.

आणि फाइल माळ्यावर नको. तिच्यात शस्त्रक्रियेची टिपणे, रिपोर्ट, किरणांचा मात्रा-तक्ता आणि स्कॅनच्या सीडी असाव्यात, नुसते छापील अहवाल नव्हेत. काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, प्रयोगशाळेकडून मागून घेता येतात. पंधरा वर्षांनी आजार उलटला तर नव्या जनुकीय चाचण्या त्यांच्यावरच होतात. लाळग्रंथीच्या काही वेगळ्या कर्करोगांत अशा चाचणीतून नेमकी गोळी सापडते, आणि जुने निदान एसीसी नसून तसलेच काही होते असेही कधी निघते. ब्लॉक घरात सावलीला, कोरड्या डब्यात ठेवावेत. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपूरकडून मुंबईला तपासणीसाठी नेताना गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नयेत, मेण मऊ पडून सगळे एकमेकांना चिकटतात. अंगाजवळच्या पिशवीत, पाण्याच्या थंड बाटलीशेजारी ठेवले की पुरते.

आपले,
डोके-मान शस्त्रक्रिया, पॅथॉलॉजी आणि किरणोपचार या विभागांत काम करणारे काही डॉक्टर